कशानंही न हलणाऱ्या बिराजदार मॅडम

बिराजदार मॅडमचा हेवा मला पहिल्याच दिवशी वाटला, आणि तो त्यांच्या साडीचा नव्हता. साडी माझीच चांगली होती. लातूरच्या आमच्या क्लासच्या स्टाफरूममधला कुलर त्या दिवशी बंद पडला होता, टँकर न आल्यामुळे प्यायला पाणी नव्हतं, आणि मोठे सर, म्हणजे क्लासचे मालक, वेळापत्रकाच्या घोळावरून सगळ्यांवर तडकले होते. आम्ही सगळे आपापल्या परीनं धुसफुसत होतो. कोपऱ्यात मात्र एक उंच, सावळी बाई पेपर तपासत बसली होती. कपाळावरून घाम ओघळून पार हनुवटीवर आला होता, पण तो पुसावा असंही तिला वाटत नव्हतं. मोठे सर तिच्याकडे हात करून म्हणाले, "शिका जरा बिराजदार मॅडमकडून. भूकंप झाला तरी बाई हलायची न्हाई!"

आता हा शब्द माझ्यासमोर वापरायचा नव्हता. मी भूकंपाच्या पट्ट्यातली. आमचं माळवदाचं घर बसलं तेव्हा माझी आई आत होती, आणि मी नांदेडला कॉलेजात होते. त्यानंतर कितीतरी वर्षं मला ट्रकच्या आवाजानंही रडू यायचं. मला रडू पटकन येतं. हसूही येतं, रागही येतो, आणि तिन्हींचा आवाज शेजारच्या वर्गात जातो. तर भूकंप माझा, आणि त्याचं सर्टिफिकेट या बाईला! मी तिथंच ठरवलं की हिचं आपलं काही जमायचं नाही.

पुढे कळलं ते आणखी जिव्हारी लागणारं होतं. मॅडम औशाकडच्या, त्यामुळे त्यांच्या गप्प राहण्याचा संबंध सगळ्या लातूरनं भूकंपाशी जोडून टाकला होता. पोरांच्या आया मेसच्या पायरीवर बसून एकमेकींना सांगायच्या, "बाईचं समदं खानदान गेलं म्हनं. तवापासून बाई अशी दगडावानी झाली." मी एकदा न राहवून त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचा गोठा पडला. बैलं बाहेर बांधली होती, ती वाचली." बस, इतकंच. हे त्या विचारेल त्याला सांगायच्याही, पण कुणाला ते ऐकायचं नव्हतं. गोठा पडलेल्या बाईला लोक हळू आवाजात बोलायचे, आणि आई गेलेल्या मला, "जाधव मॅडम, किती वर्षं झाली आता, विसरा की!"

मी केमिस्ट्री शिकवायचे, त्या झूऑलॉजी. शिकवण्यात त्या चांगल्या होत्या, हे मला मान्य करावंच लागतं. बेडकाचं हृदय काढायच्या तेव्हा फळ्यावरून त्यांचा खडू एकदाही उचलला जायचा नाही. आवाज एका पट्टीत, चढ नाही की उतार नाही. परीक्षेच्या भीतीनं गळाठलेली पोरं त्यांच्याकडे जाऊन बसायची. त्या काही समजूत घालायच्या नाहीत, फक्त समोर बसायच्या. पोरांना तेवढ्यानं धीर यायचा. माझ्याकडे आलेलं पोर रडायला लागलं की मीही रडायचे, आणि मग दोघांना पाणी आणून द्यायला तिसरं माणूस लागायचं.

निकालाच्या दिवशी आमच्या क्लाससमोर हलगी वाजते. गुलाल असतो, पोरांना खांद्यावर घेतात, आणि पहिल्या आलेल्या पोराच्या घरचे आपल्या हातानं सरांना-मॅडमना पेढा भरवतात. ज्याला पहिला पेढा भरवला, त्याचा विषय त्या वर्षी राजा. हा आमच्यातला अलिखित कायदा. त्या साली हिमायतनगरकडच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याची पोरगी आमच्याकडून पहिली आली होती. केमिस्ट्रीतही तिला भरघोस मार्क होते. मी हलगीवर नाचले होते, रडून झालं होतं, गुलालानं साडीची वाट लागली होती. तो बाप धोतर सावरत आत आला, पेढा घेऊन माझ्या शेजारून पुढे गेला आणि कोपऱ्यात जाऊन बिराजदार मॅडमपुढे वाकला.

"बाई, तुमच्यामुळं झालं. पोरगी म्हनती, मॅडमकडं बघितलं की भ्यावच वाटत न्हाई."

मॅडमनी पेढा तोंडाशी येऊ दिला, एक तुकडा तोडला, "बरं झालं" म्हणाल्या आणि उरलेला पेढा पेपरच्या गठ्ठ्याशेजारी ठेवून पुढचा पेपर ओढला.

मी वाट बघत होते, आता तरी कुणी म्हणेल की केवढी ही घमेंड. पण मोठ्या सरांचे डोळे भरून आले. "याला म्हनत्यात स्थितप्रज्ञ," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "जाधव मॅडम, तुम्ही तेवढं तोंड धुऊन या."

पुढच्या महिन्यात शिवाजी चौकात होर्डिंग लागलं. त्यावर बिराजदार मॅडमचा एकटीचा मोठा फोटो आणि खाली 'न डगमगणारं मार्गदर्शन'. मीही होते त्यात, खालच्या ओळीत डावीकडून शेवटची. माझा एक कान लोखंडी चौकटीच्या मागे गेला होता. माझे मिस्टर रोज त्या चौकातून बँकेत जायचे. घरी माझा आवाज चढला की म्हणायचे, "त्या होर्डिंगवरच्या बाईंकडून शिक की काहीतरी." माझ्या घरात माझ्याच नवऱ्याच्या तोंडून! मी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही.

हेवा वाटला की माणूस फार बारीक बघायला लागतो. मला बिराजदार मॅडमबद्दल जे कळलं ते त्यांच्यावर जीव होता म्हणून नाही, डोळा होता म्हणून.

पहिलं असं लक्षात आलं की त्या उशिरा हसतात. स्टाफरूममध्ये कुणी काही विनोद केला की आम्ही सगळे हसायचो, मॅडम आमच्या तोंडांकडे बघायच्या आणि मग हसायच्या. इतरांना ते कधी दिसलं नाही, कारण इतर तेव्हा हसत असायचे. मीही हसत असायचे, पण एक डोळा तिकडे ठेवून.

दुसरी गोष्ट एका पालकामुळे कळली. लोह्याचा एक दुकानदार होता. त्याच्या मुलाचं मेडिकल थोडक्यात हुकलं, तर तो तडक स्टाफरूममध्ये घुसला आणि बिराजदार मॅडमना वाट्टेल ते बोलला. "फोटू लावून घेता चौकात! माझ्या पोराचं वाटोळं केलं तुमी. तुमाला पोराबाळांचं काळीजच न्हाई!" मी दारात उभी होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आज ही बाई रडेल, निदान ओरडेल तरी. मॅडम ऐकत राहिल्या, एसटीचं वेळापत्रक कुणी वाचून दाखवावं तशा. तो दमून निघून गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि तासाला गेल्या. झालं, कीर्ती आणखी वाढली. शिव्या खाऊनही शांत!

त्यानंतर बरेच महिने गेले असतील. दुपारी डबा खाताना मी म्हटलं, "परवा ती हिमायतनगरची पोरगी भेटली मला. मेडिकलला रमलीय छान. तुमची आठवण काढत होती."

"कोणती पोरगी?"

"अहो, पहिली आलेली! बापानं पेढा भरवला तुम्हाला."

त्यांनी खरंच आठवून बघितलं. आठवत नव्हतं. पोरीचं नाव नाही, बापाचं तोंड नाही, हलगीसुद्धा नाही. मग भाकरीचा तुकडा हातात धरून त्या म्हणाल्या, "लोह्याचा तो माणूस आठवतो मला. 'तुमाला पोराबाळांचं काळीजच न्हाई.' निळा शर्ट होता. असं म्हणताना त्यानं टेबलावरच्या डस्टरवर हात ठेवला होता. रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच ऐकू येतं."

ज्या बाईवरून सगळं जग घसरून जातं असं आम्ही समजत होतो, तिच्यावर एक वाक्य इतके महिने तसंच चिकटून होतं. मी त्यांना शेंगदाण्याची चटणी वाढली. ती त्यांनी खाल्ली, पण तिखट लागली की नाही ते तोंडावर दिसलं नाही.

त्यांची मुलगी गौरी तेव्हा तिसरी-चौथीत असेल. शाळा सुटली की रिक्षावाला तिला क्लासवर सोडायचा आणि आईचे तास संपेपर्यंत ती स्टाफरूममध्ये बसायची. ही पोरगी म्हणजे नकलांची खाण. मोठे सर पँट वर ओढत कसे बोलतात, शिपाई घंटा देताना जांभई कशी देतो, हुबेहूब! आधी आधी ती आईला करून दाखवायची. मॅडम पूर्ण बघायच्या, मध्येच पेपर बघितला असं कधी झालं नाही. नक्कल संपली की थोडं थांबून म्हणायच्या, "छान केलीस." त्यांचं ते 'छान' ऐकून गौरी आणखी एकदा करायची, जरा मोठ्यानं, जरा जास्त हातवारे करून. पुन्हा "छान." पोरगी दप्तर उघडून बसायची.

मग ती माझ्याकडे यायला लागली. मी तर हसायला टपलेलीच. माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसायचे, तिला जवळ ओढायचे, पुन्हा कर म्हणायचे. माझा मुलगा तेव्हा मिसरूड फुटलेला, मला काही दाखवायला येईल अशा वयाचा राहिला नव्हता. गौरी दारातून आत आली की आईच्या खुर्चीवरून पुढे होऊन सरळ माझ्याकडे धावायची. होर्डिंग तिच्या आईचं असू दे, पोरगी माझी आहे, असं मी मनात म्हणायचे. एवढं मिळाल्यावर हेवा कमी व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही.

एके दिवशी गौरी अशीच माझ्या मांडीवर लोळून हसत होती. मॅडम बघत होत्या. पोरगी पाणी प्यायला बाहेर गेली तशा त्या म्हणाल्या, "जाधव मॅडम, मला तुमचा लई हेवा वाटतो."

मी म्हटलं, "कशाचा?"

"तुम्ही हसता त्याचा. रडता त्याचाबी. मला कळतं हो की ती छान करलालीय. कळतं, पण आत काही होत न्हाई. कुणी कौतुक केलं, पोरगी गळ्यात पडली, की शेजारच्या घरात कार्य असल्यावानी वाटतं. वाजंत्री ऐकू येती, पण बोलावणं आपल्याला न्हाई. आणि वाईट काही असलं की ते बरोब्बर माझ्याच नावानं येतं, रजिस्टरनं. मी सही करून घेती." मग दाराकडे बघत, "पूर्वी मी अशी नव्हते. गौरी झाली तेव्हा मी रडले होते खुशीनं. आता ती थोड्या दिवसांत मला दाखवायचं सोडून देईल. मग माझ्याकडं काय ऱ्हाईल, कुसुम?"

त्यांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच क्षणी रागही आला. मी इतकी वर्षं यांचा हेवा करत होते, तो कुणाला सांगायची सोय नव्हती. आणि ही बाई सरळ तोंडावर सांगून मोकळी झाली. हेवासुद्धा तिनं माझ्यापेक्षा चांगला केला.

मनाच्या डॉक्टरला दाखवू, असं मीच म्हटलं, पण लातुरात त्याच्याकडे जायची सोय नव्हती. वेटिंगमध्ये आपलेच पालक बसलेले असणार, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार. म्हणून विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा भाचा आहे, त्याला भेटून येतो, असं सांगून आम्ही दोघी एसटीनं नांदेडला गेलो. त्यांच्या मिस्टरांनाही तेवढंच सांगितलं. ते पाटबंधारे खात्यात, माणूस भला, पण बायको शांत स्वभावाची मिळाली म्हणून दर सोमवारी देवाचे आभार मानणारा. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मॅडम खिडकीतून बाहेर बघत नव्हत्या. निळा शर्ट घालणारा तो माणूस त्याच गावात होता.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी मॅडमना कितीतरी वेळ ऐकून घेतलं. मी बाजूला बसले होते आणि खरं सांगते, तिथंही माझा जळफळाट झाला. माझी आई मातीखालून काढली तेव्हा मला कुणी असं खुर्ची देऊन विचारलं नव्हतं, की बाई, तुला आत काय होतं? शेवटी डॉक्टर म्हणाले, "हे डिप्रेशन आहे. रडणारंच माणूस यात असतं असं काही नाही. चांगलं आत पोचत नाही आणि वाईट बाहेर निघत नाही. शांतपणा नाही हो हा, आजार आहे. औषधानं आणि बोलण्यानं फरक पडेल, पण दमानं."

"भूकंपाचं तर न्हाई ना हे?" मॅडमनी विचारलं.

"भूकंपात तुमचं काय गेलं?"

"गोठा."

"मग कशाला त्याच्या माथी मारता?" डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीत मॅडमनी ते वाक्य मला दोनदा ऐकवलं. कुणी त्यांचा गोठा गोठाच राहू दिला, याचं त्यांना हायसं वाटलं असावं.

फरक पडायला वेळ लागला आणि पडला तो आधी उलट्या बाजूनं. एका तासाला मागच्या बाकावरचा पोरगा खिदळला, तर मॅडमनी त्याला खडू फेकून मारला. मग एका दुपारी, काहीही कारण नसताना, त्या लोह्याच्या माणसाचं बोलणं आठवून स्टाफरूममध्ये ओक्साबोक्शी रडल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं. आजवर तिसरं माणूस व्हायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली. "मॅडमला काय झालं हो? पहिल्या लई चांगल्या होत्या." भित्री पोरं त्यांच्याजवळ बसेनाशी झाली. एवढा मोठा आजार लातूरनं डोक्यावर घेतला होता, आणि आता बाई बरी होऊन राहिली तर तिला काय झालं म्हणून लोक विचारत होते!

मोठ्या सरांनी मला बोलावलं. "तुम्ही दोघी नांदेडला कशाला जाता ते समजलंय मला. मॅडमला सांगा, त्या गोळ्या-बिळ्या ऱ्हाऊ द्या. पहिल्यावानीच बऱ्या होत्या."

मी निरोप दिला, जसाच्या तसा. मॅडम म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, फोटो काढून टाका."

आणि फोटो खरंच निघाला. हुशार पोरांच्या पहिल्या बॅचचं काम मोठ्या सरांनी माझ्याकडे दिलं. "तुमच्यात एक जोश हाय," असं त्यांना अचानक वाटायला लागलं. जूनमध्ये शिवाजी चौकात माझा फोटो लागला, दोन्ही कानांसकट. माझे मिस्टर तिथं स्कूटर थांबवून बघत उभे राहिले म्हणे. त्या वर्षीचा पहिला पेढाही मला भरवला गेला. जे जे मला हवं होतं, ते सगळं मिळालं.

त्याच पावसाळ्यात मॅडमच्या मिस्टरांची बदली विष्णुपुरी धरणावर झाली. मॅडमना नांदेडच्या एका साध्या शाळेत नोकरी मिळाली. सामान आधीच गेलं होतं. मी त्यांना सोडायला लातूरच्या स्टँडवर गेले. गाडीला उशीर होता. मिस्टर चौकशीच्या खिडकीकडे गेले आणि आम्ही तिघी बाकड्यावर बसलो. मी गौरीसाठी खव्याचे पेढे नेले होते. मॅडमनी त्यातला एक उचलला, पूर्ण खाल्ला आणि बोटं चाटत म्हणाल्या, "जरा जास्तच गोड हाय की गं, कुसुम." मला तो पेढा आवडला होता.

गौरी म्हणाली, "नवी नक्कल दाखवू?"

मी पदर सावरून बसले. मी तयारच होते. पण पोरगी माझ्या समोरून सरकली आणि आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिनं ओढणी पदरासारखी खांद्यावर टाकली, दोन्ही हात वर करून दोन पावलं हलगीवर नाचली, आणि मग तोच पदर डोळ्याला लावून मोठ्यानं हुंदका काढला, "अगं बाई, माझी पोरंऽऽ!"

ती मी होते. निकालाच्या दिवशीची मी, गुलालासकट.

नक्कल अजून संपलीही नव्हती, तोच बिराजदार मॅडम फुटल्या. असं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पाठ वाकली, चष्मा निघाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी गौरीला ओढून छातीशी धरलं. "पुन्हा कर," त्या म्हणत होत्या, "एकदा पुन्हा कर." गौरी आईच्या मिठीतून मान बाहेर काढून तोच हुंदका पुन्हा काढत होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

मी बाकड्याच्या टोकाला बसले होते. माझ्या आत जे पेटलं ते मला चांगलं ओळखीचं होतं. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. मी त्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग हसले.